आयडलिंग, अस्थिर (निदान)

गाडी उभी असताना व अॅक्सिलरेटर सोडलेला असताना पेट्रोल इंजिनाचे फेरे वरखाली होणे किंवा इंजिन थरथरणे. गरम झालेले इंजिन अशा वेळी मिनिटाला साधारण ७०० ते ९०० फेरे घेते. थ्रॉटल जवळजवळ मिटलेले असल्याने आत येणारी हवा अगदी थोडी असते. त्यामुळे वेगात न जाणवणारा दोषही इथे उघडा पडतो. म्हणून कोणताही भाग बदलण्याआधी दोष किती फेऱ्यांना दिसतो आणि किती फेऱ्यांना नाहीसा होतो, हे मोजले पाहिजे. तडकलेल्या व्हॅक्यूम नळीतून शिरणारी हवा एअरफ्लो सेन्सरला चुकवून आत जाते. मिश्रण पातळ होते. ऑक्सिजन सेन्सर ते टिपतो आणि ईसीयू (इंजिनाचा नियंत्रक संगणक) इंधन वाढवते. ही वाढ स्कॅनरवर फ्युएल ट्रिम म्हणून टक्क्यांत दिसते. आयडलिंगला वाढलेला ट्रिम २५०० फेऱ्यांना शून्याकडे उतरला, तर संशय गळतीवर. फेऱ्यांबरोबर चढत गेला, तर इंधनाच्या दाबावर किंवा मळलेल्या एअरफ्लो सेन्सरवर. हवेऐवजी मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरच्या इंजिनात मात्र त्याच गळतीने ट्रिम फारसा हलत नाही, फेरे वाढतात. गाडीत कोणता सेन्सर आहे, हे न पाहता काढलेला निष्कर्ष व्यर्थ होय.

थ्रॉटल बॉडी साफ केली, प्लग बदलले की बहुतेक गाड्या सुधारतात, मग मोजमाप कशाला, हा गॅरेजमधला आक्षेप निराधार नाही. थ्रॉटलच्या कडेला साचलेली काजळी हे खरोखरच नेहमीचे कारण आहे. परंतु अनेक गाड्यांत सफाईनंतर ईसीयूला थ्रॉटलची नवी स्थिती शिकवावी लागते. ते राहून गेले तर सफाईनंतरच फेरे भरकटतात आणि चांगला भाग विनाकारण बदलला जातो. मोजमाप खर्चिक असते, हेही पूर्ण खरे नाही. स्कॅनरवरचे पी०३०१ ते पी०३०४ हे कोड मिसिंग करणारा सिलिंडर दाखवतात, कारण नव्हे. तिथली इग्निशन कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावावी. कोडही तिच्यासोबत सरकला तर दोष कॉइलचा. जागीच राहिला तर प्लग, इंजेक्टर व अखेर कॉम्प्रेशन तपासावे. या अदलाबदलीला नवा भाग लागत नाही.

कार्बोरेटरच्या गाड्यांत व्हॅक्यूम गेज वापरतात. समुद्रसपाटीला निर्दोष इंजिन साधारण १७ ते २१ इंच पारा दाखवते. दर हजार फुटांना सुमारे १ इंच घट धरावी. महाबळेश्वरला १४ इंच दिसले म्हणून इंजिन उघडू नये. काटा ठराविक अंतराने झटका घेत असेल, तर व्हॉल्व्ह तपासावेत.

डिझेल इंजिन : कारणे वेगळी, मुख्यतः इंजेक्टर व इंधनातील हवा.