पुस्तकांचे गाव आणि सीमेवरचा उंबरठा

एखादे गाव पाहुण्यांना बोलावते तेव्हा ते स्वतःजवळचे काहीतरी पुढे ठेवते. सातारा जिल्ह्यात, पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवरील भिलार गावाने पूर्वी स्ट्रॉबेरी पुढे ठेवली होती. 4 मे 2017 पासून तिच्या जोडीला मराठी पुस्तके आली. राज्य मराठी विकास संस्थेच्या पुढाकाराने साकारलेल्या या ‘पुस्तकांच्या गावा’त आरंभी 25 ठिकाणी सुमारे 15,000 पुस्तके होती. कुठे कविता, कुठे इतिहास, कुठे संतसाहित्य. योजना शासनाची खरी. पण ग्रामस्थांनी राहत्या घरातल्या खोल्या मोकळ्या केल्या नसत्या, तर ती कागदावरच राहिली असती. अनोळखी वाचकाने यावे, बसावे, विनामूल्य वाचावे, हे आतिथ्य शासकीय आदेशाने निर्माण होत नाही.

या कल्पनेचे मूळ वेल्समधील हे-ऑन-वाय येथे आहे. तेथे 1960 च्या दशकात रिचर्ड बूथ यांनी जुन्या पुस्तकांचा व्यापार सुरू केला आणि ओसरत चाललेले बाजारगाव जगाच्या नकाशावर आले. आपल्यासाठी महत्त्वाची बाब ही की, ते गाव वेल्स आणि इंग्लंड यांच्या अगदी सीमेवर वसलेले आहे. सीमेवरचे गाव म्हणजे उपेक्षेचे टोक, असे मानण्याचे कारण नाही.

आता आपल्या बालाघाटकडे पाहू. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले; बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. तोवर नागपूर ही आपलीही राजधानी होती. त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 350-क आले व भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची तरतूद झाली. अनुच्छेद 29 ने भाषा जतन करण्याचा हक्क त्याआधीच दिला होता. परंतु वकिलीच्या अनुभवाने सांगतो, हक्क वापरणारा नसेल तर कलम कितीही भक्कम असो, ते मुकेच राहते.

बिरसा तालुक्यात मलाजखंडची तांब्याची खाण आहे. शेजारच्या बैहर तालुक्यात कान्हाचे मुक्की प्रवेशद्वार आहे. वाघ पाहावयास महाराष्ट्रातून येणारा प्रवासी या परिसरात येतो आणि येथे मराठी घरे आहेत हे न कळताच परततो. उलट, सीमेपलीकडे गोंदिया जिल्ह्यातील नवेगावबांध, जेथील अरण्य मारुती चितमपल्ली यांनी मराठी साहित्यात आणले, तेही पुढे पुस्तकांच्या गावांच्या योजनेत निवडले गेले. जंगल आणि ग्रंथ एकत्र नांदू शकतात, याचा हा शेजारचाच दाखला.

म्हणून शासनाकडे मागणी करीत राहूच. तो आपला हक्क आहे. पण बिरसा-बैहरच्या एखाद्या मराठी घराने ओसरीवर पन्नास पुस्तके मांडून दारावर मराठीत ‘या, बसा’ एवढे लिहावयास कोणाच्याही मंजुरीची गरज नाही. भाषेचा दावा मांडण्याआधी तिचा पुरावा उंबरठ्यावर दिसला पाहिजे.