सामान आणि त्याचा धनी

विमानप्रवासाला निघताना बॅग भरणे हे वरकरणी अगदी घरगुती काम. काट्यावर वजन करायचे, लोणच्याच्या दोन बरण्या काढायच्या, त्यांतली एक परत आत सारायची आणि कुलूप लावायचे. परंतु विमानतळावर ‘ही बॅग तुम्ही स्वतः भरली आहे का?’ असा प्रश्न येतो, तेव्हा या घरगुती कामाला एक इतिहास आहे आणि तो सुखाचा नाही, याची आठवण आपण ठेवली पाहिजे असे आम्हांस वाटते.

आरंभी सामान ही केवळ मालमत्ता होती. 1929 च्या वॉर्सा कराराने आंतरराष्ट्रीय विमानप्रवासातील सामानाच्या पावतीचे स्वरूप ठरवून दिले. पावती दोन प्रतींत असावी, तीवर नगांची संख्या व वजन नोंदवावे, आणि ती जो सादर करील त्याच्या हाती सामान द्यावे. गहाळ झाल्यास भरपाईची मर्यादा किलोमागे 250 सुवर्ण फ्रँक. या साऱ्या तरतुदींत चिंता आहे ती सामान धन्यापर्यंत पोहोचेल की नाही, याची. धनी त्याच विमानात बसला आहे काय, हा प्रश्न त्या पावतीला पडत नव्हता. आपली वस्तू कोणी चोरील हे भय होते. वस्तू पाठवून माणूस मागे राहील, ही कल्पना त्या भयात नव्हती.

ती कल्पना 1985 च्या जूनमध्ये प्रत्यक्षात आली. व्हँकुव्हरच्या विमानतळावर एम. सिंग या नावाने तिकीट काढलेल्या एका माणसाने आपली बॅग थेट एअर इंडियाच्या विमानात चढवावी, असा आग्रह धरला. टोरांटोपुढील त्याची जागा निश्चित नव्हती. तरी हुज्जतीअंती बॅग स्वीकारली गेली. बॅग गेली, माणूस विमानात चढलाच नाही. टोरांटोला सामान तपासणारे क्ष-किरण यंत्र त्या दिवशी मध्येच बंद पडले होते. 23 जून रोजी आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ ‘कनिष्क’ विमान आकाशातच फुटले आणि 329 जणांचा अंत झाला. त्यांतील बहुसंख्य भारतीय वंशाचे कॅनडावासी होते. त्याच कटातील दुसरी बॅग तासाभरापूर्वी टोकियोच्या नारिता विमानतळावर फुटून सामान वाहणारे दोन कामगार मृत्युमुखी पडले होते.

यानंतर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने सुरक्षानियम कडक केले आणि प्रवासी नसेल तर त्याची बॅगही जाणार नाही, हे तत्त्व रुजू लागले. पण ते सर्वत्र अमलात येईपर्यंत डिसेंबर 1988 मध्ये लॉकर्बीवर अशाच धनीविरहित बॅगेने आणखी 270 बळी घेतले. न्यायमूर्ती जॉन मेजर यांच्या आयोगाने कनिष्कविषयीचा अहवाल दिला तो 2010 साली, म्हणजे पंचवीस वर्षांनी. आजही एखादा प्रवासी दारापर्यंत येऊन परतला, तर त्याची बॅग शोधून उतरवली जाते आणि विमान खोळंबते. आपण त्रासून घड्याळ पाहतो. त्या खोळंब्याचे मोल आधीच कोणी चुकवले आहे, हे मात्र ध्यानी येत नाही.

आता संशय वस्तूंवरही आला आहे. पॉवर बँक खाली ठेवलेल्या सामानात चालत नाही. ती पेटलीच तर माणसांच्या नजरेसमोर पेटावी, म्हणजे विझवता येईल, हा त्यामागील विचार. आणि आईने पोराच्या बॅगेत प्रेमाने घातलेले सुके खोबरे? तेलामुळे आपोआप तापून पेटू शकणाऱ्या पदार्थांत त्याची गणना होते, म्हणून तेही बाहेर काढावे लागते. आईला हे पटवून देणे कठीण, हे आम्ही जाणतो. तरी त्या प्रश्नाला उत्तर देताना ‘हो’ एवढेच म्हणून पुढे सरकू नये. बॅग आपण भरली आहे, तिच्यात काय आहे हे आपल्याला ठाऊक आहे आणि तिच्यासोबत आपणही जात आहोत, अशी ग्वाही आपण सहप्रवाशांना देत असतो.