बाजूला ठेवलेली चित्रे

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एका शाळकरी मुलीने मला आपली चित्रवही दाखविली. रंगीत पेन्सिलींनी तिने एकेरी जास्वंद रेखाटली होती. रंग देखणा होता; पाकळ्या मात्र सहा होत्या. जास्वंदीला पाच पाकळ्या असतात, हे ऐकताच ती हिरमुसली आणि पान फाडू लागली. तिला थांबवून मी एका धर्मगुरूची हकिकत सांगितली.

संत योसेफाचे फादर मॅथ्यू हे अनवाणी कार्मेलाईट संघाचे इटालियन संन्यासी. ते वैद्यकाचे जाणकार होते. पूर्वेकडील देशांत सेवाकार्य करताना औषधी वनस्पती दिसली की ते तिचे चित्र काढीत. १६५७ साली ते मलबारात आले. १६६३ साली डचांनी कोची जिंकली, तेव्हा इतर कॅथलिक मिशनऱ्यांना तेथून जावे लागले. फादर मॅथ्यू यांना मात्र राहू देण्यात आले.

पुढे हेंड्रिक व्हान रीडे या डच अधिकाऱ्याने मलबारच्या वनस्पतींवर ग्रंथ करण्याचे मनावर घेतले. आरंभी आधार होता तो फादरांच्या चित्रांचा. परंतु ती चित्रे केवळ शाईच्या रेघांची, ढोबळ होती. जाणकारांना ती अपुरी वाटली आणि व्हान रीडे यांनी काम नव्याने आरंभिले. ताज्या फांद्या आणून पान, फूल व फळ समोर ठेवून चित्रकार चित्रे काढू लागले. इट्टी अच्युतन वैद्यांनी औषधी गुण सांगितले. रंगा भट, विनायक पंडित व अप्पू भट या कोकणी ब्राह्मणांनी साहाय्य केले. १६७५ सालचे त्यांचे नागरी लिपीतील कोकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. लॅटिन मजकुरासाठी कासेआरियस हे प्रॉटेस्टंट पाळक झटले. १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे 'होर्टुस मलबारिकुस'चे बारा खंड निघाले. पुढे लिनियस यांनीही त्याचा आधार घेतला.

मग फादरांचे श्रम वाया गेले काय? तसे म्हणवत नाही. मलबारच्या ग्रंथात त्यांची चित्रे बाजूला राहिली. पण त्यांनी पाठविलेल्या वनस्पतींना झानोनी यांच्या १६७५ सालच्या बोलोन्या येथील ग्रंथात स्थान मिळाले. शिवाय पहिली वाट पाडणारे तेच होते.

फादरांपाशी रंगीत पेन्सिली नव्हत्या. चित्रकारांसाठी जर्मनीतील फाबर-कास्टेल यांची प्रसिद्ध मालिका निघाली ती १९०८ साली. साधन नवे असले तरी शिस्त जुनीच आहे. आधी पान मोजावे, शिरा पाहाव्यात, पाकळ्या गणाव्यात. मगच हलक्या हाताने एकावर एक थर चढवावेत. पानावरची चकाकी हवी असेल तेथे कागद कोराच ठेवावा, कारण पेन्सिलीचा गडद थर मागाहून नीट पुसला जात नाही. आपल्या मनातले फूल दूर सारून समोरच्या फुलाचे ऐकणे, हीच वनस्पतिचित्रकाराची खरी उमेदवारी होय. सृष्टीकडे असे पाहणे प्रार्थनेहून फार दूर नाही.

त्या मुलीने ते पान फाडले नाही. त्याच्या कोपऱ्यात तारीख घातली आणि पुढच्या पानासाठी ती अंगणातले फूल आणायला गेली.