धूळपाटी आणि आशीर्वाद

परवा दुपारी आमची नात आणि तिची शेजारची मैत्रीण गृहपाठाला बसल्या होत्या. नातीने लिहिले 'आर्शिवाद'. मैत्रीण म्हणाली, "मोठ्याने म्हण बघू. र् कशाच्या आधी ऐकू येतो? 'वा'च्या ना? मग रफार 'वा'वर." नातीने खोडून 'आशीर्वाद' केले. पुढे उताऱ्याखालच्या प्रश्नाशी मैत्रीण अडली, तर नात तिला तो उतारा आपल्या शब्दांत सांगू लागली. मी पेपर तोंडासमोर धरून ऐकत होतो. इतकी वर्षे मास्तरकी केली, पण रफार इतका सोपा करून मी कधी सांगितला नव्हता!

मंडळी, ही रीत फार जुनी आहे. पिएत्रो देल्ला व्हाल्ले नावाचा इटालियन प्रवासी १६२३ साली कर्नाटकातल्या इक्केरीकडे निघाला होता. वाटेत एका देवळाच्या ओसरीत त्याला काही मुले दिसली. जमिनीवर बारीक वाळू पसरून, एका सुरात म्हणत, ती बोटाने अंक गिरवत होती. जवळ पंतोजी नव्हते. चुकले तर काय करता, असे त्याने विचारले. मुले म्हणाली, आम्हीच एकमेकांना शिकवतो.

पुढे १७८९ मध्ये अँड्र्यू बेल हे स्कॉटिश पाद्री मद्रासला सैनिकांच्या अनाथ मुलांच्या शाळेचे अधीक्षक झाले. तिथल्या एका देशी शाळेत त्यांनी मुलांना वाळूत अक्षरे गिरवताना पाहिले. आपल्या शाळेतही तसेच करा, असे त्यांनी सांगितले, पण मास्तरांनी दाद दिली नाही. मग बेलनी ते काम आठ वर्षांच्या एका मुलावर सोपवले. त्याने ते करून दाखवले. १७९७ साली बेलनी लंडनमध्ये त्याचा वृत्तांत छापला. लंडनलाच १७९८ मध्ये जोसेफ लँकेस्टरने याच धर्तीची शाळा काढली. धूळपाटीची ही विद्या विलायतेत 'मद्रास पद्धत' म्हणून गाजली.

पण तिथे तिचे रूप पालटले. एक मास्तर, शेकडो पोरे आणि मधे मॉनिटर. खर्च कमी, म्हणून सगळे खूश. मॉनिटरला स्वतःलाच जेमतेम येई. स्पेलिंगे घोकून घेता येत, पण धड्याचा अर्थ कोण समजावणार? अखेर १८४६ पासून सरकारने मोठ्या विद्यार्थ्यांना पगार देऊन शिक्षक म्हणून तयार करायला सुरुवात केली आणि मॉनिटरची पद्धत मागे पडली.

हे सगळे मी बी.ए. झाल्यावर वाचले होते. तरीही एकदा शुद्धलेखन घालताना एक मुलगा शेजारच्याला कुजबुजून काही सांगताना दिसला आणि मी त्याला तासभर उभे केले. मधल्या सुट्टीत शेजारचा मुलगा भीत भीत आला. म्हणाला, "सर, त्याने शब्द नाही सांगितला. दीर्घ का, ते सांगितलं." मी "बरं, जा" एवढेच म्हणालो. उभ्या राहिलेल्या मुलाला मात्र काहीच बोललो नाही. त्यानंतर त्याने वर्गात कुणाला काही सांगितलेले मला आठवत नाही.

नक्कल आणि मदत यांत फरक असतो, हे पोरांना कळत होते, मला कळले नाही. उत्तर देणे वेगळे आणि कारण देणे वेगळे. देवळाच्या ओसरीतली ती मुले दुसरे करत होती.

असो. परवा मैत्रीण घरी निघाली तेव्हा मी तिला थांबवून म्हटले, "रफाराचं छान सांगितलंस हो." ती लाजून पळाली. चाळीसेक वर्षांपूर्वी हेच वाक्य एका मुलाला म्हणायचे राहून गेले.