शिळ्या कढीचा इतिहास

इतिहासकारांना लढायांचं भारी वेड. पानिपतात किती पडले याचा हिशेब करणारे पुष्कळ. पानात किती पडून राहिलं याचा हिशेब मात्र आजवर बायकांनीच ठेवला, तोही मनातल्या मनात. म्हणून म्हटलं, आता रिकामपण आहे, चष्म्याचा नंबरही नवा आहे, तर शिळ्या अन्नाचा इतिहास आपणच पाहावा.

आमच्याकडे या विषयाची सुरुवात थेट गीतेपासून होते. सतराव्या अध्यायात भगवंतांनी अन्नाचे तीन वर्ग पाडलेत आणि शिजवून प्रहर उलटलेलं अन्न तामसी लोकांच्या वाट्याला दिलंय. प्रहर म्हणजे तीन तास. हे माप लावलं तर सकाळी सातला डबा भरून दुपारी साडेबाराला तो उघडणारी अख्खी मुंबई तामसी ठरते. त्या मानाने मनू व्यवहारी. रात्रभर राहिलेलं अन्नही तूप-तेल लावलेलं असेल तर चालेल, अशी सवलत त्याने पाचव्या अध्यायात देऊन ठेवली आहे. मनूचं मला एरवी काडीचं पटत नाही. पण तूप-तेल म्हणजे जवळजवळ फोडणीच की! फोडणीच्या पोळीला एवढा जुना आधार असेल असं वाटलं नव्हतं.

महाभारतातही उरलेल्याची एक मोठी कथा आहे. वनवासात दुर्वास ऋषी शिष्यांचा तांडा घेऊन आले, आणि द्रौपदीचं जेवण उरकल्यामुळे थाळी त्या दिवसापुरती रिकामी. तिच्या काठाला चिकटलेलं शीत आणि भाजीचा कण कृष्णाने तोंडात टाकला आणि तिकडे नदीवर सगळ्या ऋषींना तृप्तीचे ढेकर आले. भांडं नीट न घासल्याचा जगाच्या इतिहासातला हा एवढाच फायदा. मी ही गोष्ट आमच्या हिला सांगून पाहिली. ती म्हणाली, ‘‘अहो, तिथे कृष्ण होता. इथे तुम्ही आहात.’’

आता खरी गंमत. आपल्या बायका आगाऊ तयारी कधीपासून करताहेत? तर प्रवासाला निघताना दशमी करण्याची पद्धत फार जुनी. पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवायचं, म्हणजे ती खरकट्यात मोडत नाही, सोवळ्याला बाध येत नाही आणि दोन दिवस मऊ राहते. धर्म आणि पोट या दोघांची अशी समजूत घालणारा दुसरा पदार्थ मला ठाऊक नाही. गुजरातेत तर आगाऊ स्वयंपाकाचा सणच आहे. श्रावण वद्य षष्ठीला रांधण छठ: दिवसभर रांधायचं. दुसऱ्या दिवशी शीतळा सातम: चूल पेटवायचीच नाही, सगळ्यांनी गार खायचं. बाईला वर्षातून एक दिवस सुट्टी मिळावी म्हणून देवीला मध्ये घालावं लागलं, असा माझा तर्क आहे.

पण आपल्याकडची मुख्य तयारी निराळी. उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया, सांडगे, पापड. डब्यात मेतकूट, भाजणी, गोडा मसाला. वर्षाची बेगमी म्हणायची तिला. यात एक मेख आहे. या बायका आगाऊ तयारी करत, आगाऊ स्वयंपाक करत नसत. भाजणीचं थालीपीठ होणार की वडे, हे तव्यासमोर उभं राहीपर्यंत ठरलेलं नसे. जे ठरलेलं नाही ते वाया जात नाही. पाहुणे वाढले तर थालीपीठं वाढली, नाही आले तर भाजणी डब्यात.

मग आलं बर्फ. १८३३ साली बॉस्टनहून ‘टस्कनी’ नावाचं जहाज १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्याला निघालं आणि चार महिन्यांनी शंभरेक टन घेऊन पोचलं. बाकीचं समुद्राला मिळालं. पुढे १९५८ मध्ये गोदरेजने भारतीय बनावटीचा फ्रीज काढला आणि मध्यमवर्गाने तो दिवाणखान्यात, शोकेसच्या शेजारी उभा केला. माझं प्रामाणिक मत असं, की फ्रीज हे अन्न टिकवण्याचं यंत्र नव्हे. अन्न टाकून देण्याचा निर्णय लांबणीवर टाकण्याचं यंत्र आहे. सोमवारची वाटीभर उसळ आपण सोमवारी टाकत नाही, पाप लागेल म्हणून. ती शुक्रवारी टाकतो, तेव्हा पाप लागत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाने २०२४ च्या अहवालात हिशेब मांडलाय: भारतात घराघरांतून वर्षाला माणशी ५५ किलो अन्न वाया जातं. माझं वजन ६१ आहे.

‘‘आमच्या वेळी असं नव्हतं,’’ असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं, आणि मिटलं. आमच्या वेळी खरोखरच काही वाया जात नसे. १९७२ च्या दुष्काळात रेशनवरच्या तांबड्या मिलोची भाकरीसुद्धा आमच्या घरात कधी टाकली गेली नाही. पण मग ती जात कुठे असे? आम्हा भावंडांच्या पानात गरम पडे. कालचं ताट आई सगळ्यांच्या मागून, ओट्याशी बसून संपवी. ‘‘मला शिळंच आवडतं,’’ म्हणायची. पन्नास वर्षं आम्ही ते खरं मानून चाललो. आणि गावात तर उरलेलं एका वस्तीच्या नावावरच लिहिलेलं असे. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी आपल्या लोकांना बजावलं, की उष्टंशिळं खाणं सोडा. तेव्हा जुन्या काळच्या काटकसरीचं गुणगान करण्यापूर्वी ती कुणाच्या पोटातून झाली, एवढं पाहून घेतलेलं बरं.

आमच्या सूनबाई नोकरी करतात. रविवारी सकाळी त्या आठवड्याची तयारी करतात, आणि मी इतिहासकार या नात्याने खुर्ची टाकून बसतो. पहिल्या महिन्यात त्यांनी पाच दिवसांच्या पाच भाज्या शिजवून डब्यांवर वारांच्या चिठ्ठ्या लावल्या. बुधवारी मुलगा बाहेर जेवला, गुरुवारी माझा उपास निघाला, आणि शनिवारी दोन डबे मोलकरणीसमोर आले. तिने वास घेतला आणि म्हणाली, ‘‘वहिनी, आमच्या घरी पण नाक आहे.’’

त्या दिवसापासून पद्धत बदलली. आता भाज्या निवडून, चिरून. कडधान्यं मोड आणून. कांदा-खोबऱ्याचं वाटण लहान डब्यांत गोठवून. कणीक दोन दिवसांचीच, वरून तेलाचा हात फिरवून, म्हणजे काळी पडत नाही. भात मात्र रोजच्या रोज. तो शिजवून ओट्यावर तासन्‌तास ठेवला तर त्यातले चिवट जंतू उकळीलाही दाद न देता जागे होतात, आणि ते जे विष सोडतात ते पुन्हा गरम करून जात नाही. उरलाच तर पसरट भांड्यात लवकर निववून फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी फोडणी. गुरुवारची रात्र कोरी ठेवलेली असते: त्या दिवशी नवं काही करायचं नाही, डब्यांत असेल ते संपवायचं. आणि ते सगळ्यांनी, एकाच वेळी, टेबलावर बसून. ही अट सूनबाईंची. आमची ही त्या दिवशी माझ्या आधी वाढून घेते.

‘‘बाबा, हे तुमच्या भाजणीसारखंच झालं की नाही?’’ सूनबाईंनी विचारलं. मी मान डोलावली. भाजणी माझी नव्हे, आईची. पण श्रेय मिळतंय तर घ्यावं.

अडचण एकच आहे. पोळ्या आता मोजून होतात, माणशी तीन, उरत नाहीत. आणि नातवाला आजीच्या हातचं माणिकपैंजण आवडतं. शिळ्या पोळीच्या कुस्कऱ्याला इतकं दागिन्यासारखं नाव आपल्याच लोकांना सुचावं! गुरुवारी तो विचारतो, ‘‘आज माणिकपैंजण का नाही?’’ तेव्हा बुधवारी रात्री आमच्या घरात चार पोळ्या मुद्दाम जास्त लाटल्या जातात, आणि त्या कुणी खाऊ नयेत म्हणून डब्यावर चिठ्ठी लावलेली असते.