मेल्टेमी वारे

मेल्टेमी हे एजियन समुद्रावर उन्हाळ्यात उत्तरेकडून वाहणारे कोरडे व जोरदार वारे होत. त्यांचा काळ साधारणपणे मे ते सप्टेंबर असा असून जुलै व ऑगस्टमध्ये त्यांचा जोर सर्वाधिक असतो. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात शिडाच्या नौकेतून ग्रीक बेटांमध्ये फिरणाऱ्यांचा मार्ग व मुक्काम बहुतांशी हे वारेच ठरवतात.

नाव

प्राचीन ग्रीक लोक या वाऱ्यांना ‘एटेसियाई’ म्हणत. ‘एटोस’ म्हणजे वर्ष. दरवर्षी ठरावीक काळी येणारे ते एटेसियाई. ‘मोसमी’ या शब्दामागेही ‘मौसिम’ म्हणजे ऋतू अशीच कल्पना आहे.

कारणे

उन्हाळ्यात बाल्कन प्रदेशावर हवेचा दाब जास्त, तर तापलेल्या अनातोलियावर कमी असतो. या फरकामुळे हवा एजियन समुद्रावरून दक्षिणेकडे वाहू लागते. अनातोलियावरील कमी दाब हा दक्षिण आशियातील मोसमी कमी दाबाच्या क्षेत्राचा पश्चिमेकडील विस्तार मानला जातो. म्हणजेच ज्या व्यवस्थेमुळे कोकणात पाऊस पडतो, तिच्याशीच एजियनवरील हे कोरडे वारे जोडलेले आहेत.

स्वरूप

हे वारे उत्तर एजियनमध्ये ईशान्येकडून, सिक्लेडीझ बेटांवर उत्तरेकडून आणि ऱ्होड्झच्या परिसरात वायव्येकडून वाहतात. बोफर्ट मापनश्रेणीनुसार त्यांचा जोर बहुधा ४ ते ६ असतो. प्रसंगी तो ७ किंवा ८ पर्यंत, म्हणजे ताशी ५० ते ७४ किलोमीटरपर्यंत जातो. अनेकदा ते दुपारी वाढतात व सायंकाळी मंदावतात. मात्र जोराचा वारा सलग काही दिवस रात्रंदिवस टिकू शकतो. त्यांच्यामुळे उष्मा सुसह्य होतो, परंतु वणवेही झपाट्याने पसरतात.

नौकानयन

मेल्टेमी वाहत असताना आकाश बहुधा निरभ्र असते. ढगांवरून वादळ ओळखण्याची सवय येथे उपयोगी पडत नाही. हवामान अंदाज पाहणे अत्यावश्यक ठरते. दक्षिणेकडे जाणे सोपे असते, पण परतताना वारा व लाटा समोरून येतात. म्हणून परतीसाठी राखीव दिवस ठेवावे लागतात व दिवसाचा प्रवास पहाटे सुरू करणे सोयीचे ठरते. डोंगराळ बेटाच्या दक्षिण बाजूस लाटा कमी असल्या, तरी कड्यांवरून उतरणारे झोत मूळ वाऱ्याहून तीव्र असू शकतात. त्यामुळे तेथे नांगर टाकण्यापूर्वी शिडे आखडून घेणे हिताचे असते. एव्हिया व अँड्रोस यांमधील काफिरेआस सामुद्रधुनी या काळात विशेष खडतर मानली जाते. ग्रीसच्या पश्चिमेकडील आयोनियन समुद्रात मेल्टेमीचा प्रभाव नसतो. तेथे दुपारी ‘माईस्त्रो’ हा तुलनेने सौम्य वायव्य वारा वाहतो. सप्टेंबरमध्ये मेल्टेमीचा जोर ओसरू लागतो, पाणी मात्र उबदार राहते.

इतिहास

हे वारे नाईल नदीचा प्रवाह अडवतात व त्यामुळे तिला पूर येतो, हे मत हिरोडोटसने नोंदवून खोडून काढले. मॅसिडोनियाचा राजा दुसरा फिलिप या वाऱ्यांचा काळ साधून हालचाली करतो आणि अथेन्सचे आरमार वेळेवर पोहोचू शकत नाही, असा इशारा डिमॉस्थिनीझने दिला होता. थोरल्या प्लिनीच्या वर्णनानुसार, भारताकडे निघालेले व्यापारी याच वाऱ्यांच्या साहाय्याने नाईलमधून प्रवाहाविरुद्ध १२ दिवसांत कॉप्टोसला पोहोचत आणि पुढे तांबड्या समुद्रातून मोसमी वाऱ्यांवर भारताचा किनारा गाठत.