नागसेनवनातले त्रैमासिक

१९४८च्या सप्टेंबरात निजामी राजवट संपली, तेव्हा औरंगाबादेत इंटरमीजिएटच्या पुढे शिकण्याची सोय नव्हती. पदवी हवी असेल तर हैदराबादेतले उस्मानिया गाठायचे, नाहीतर पुण्या-नागपुरात कुणाच्या ओळखीने बिऱ्हाड शोधायचे. ज्यांना दोन्ही परवडत नसे ते शेतावर परतत. ज्यांना शेतही नव्हते त्यांचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

अशा गावात १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने कॉलेज काढले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते कोनशिला बसली. कॉलेजचे नाव झाले मिलिंद आणि परिसराचे नागसेनवन. म्हणजे प्रश्न विचारून भल्याभल्यांना निरुत्तर करणाऱ्या ग्रीक राजाचे नाव कॉलेजला, आणि त्याला उत्तरे देणाऱ्या भिक्खूचे नाव आवाराला. हाकेच्या अंतरावरच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत, तेव्हा नावे काही आभाळातून पडलेली नव्हती.

अभ्यास कपाटात ठेवायचा नसतो, हे संस्थापकाने स्वतः करून दाखवले होते. रुपयाच्या प्रश्नावरचा आंबेडकरांचा प्रबंध १९२३ साली पुस्तकरूपाने आला आणि दोन-तीन वर्षांत हिल्टन यंग आयोगापुढे चलनाविषयी साक्ष द्यायला ते उभे राहिले. या साक्षीवरून रिझर्व्ह बँक त्यांनीच स्थापली, असे हल्ली सर्रास सांगितले जाते. इतके ताणायचे कारण नाही. अर्थशास्त्राचा प्रबंध घेऊन सरकारी आयोगापुढे उभे राहणे हीच गोष्ट पुरेशी मोठी आहे.

मिलिंदमध्ये हे वळण प्राध्यापकांनी पुढे नेले. म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले. अस्पृश्यतेचा इतिहास रंगमंचावर आणणारे हे नाटक १९५६ साली नागपुरात धम्मदीक्षेच्या वेळी जमलेल्या समुदायापुढे झाले. इतिहासाचा तास इतक्या मोठ्या वर्गापुढे क्वचितच झाला असेल. पुढे प्राचार्य झालेले म. ना. वानखेडे अमेरिकेत वॉल्ट व्हिटमनवर संशोधन करून आले. येताना त्यांनी पदवी आणली, तशी कृष्णवर्णीय लेखकांच्या साहित्याची ओळखही आणली. तिकडचा काळा माणूस आपले दुःख आपल्या भाषेत सांगतो, मग आपली पोरे फडके-खांडेकरांच्या वळणावर का लिहितात, हा त्यांचा प्रश्न होता. वसतिगृहात राहणाऱ्या, आईबाप मजुरी करणाऱ्या मुलांना तो नेमका कुठे लागला असेल, हे वेगळे सांगायला नको.

त्याच वातावरणातून १९६७ साली ‘अस्मिता’ हे त्रैमासिक निघाले आणि १९६८ पासून ते ‘अस्मितादर्श’ झाले. संपादक होते मराठीचे प्राध्यापक गंगाधर पानतावणे. त्रैमासिक चालवणे म्हणजे काय, हे ज्याने चालवले त्यालाच कळते: वर्गणीदारांना स्मरणपत्रे, छापखान्याचे देणे, टपालाची तिकिटे, आणि खेड्यातल्या एखाद्या पोराने वहीच्या कागदावर दोन्ही बाजूंनी लिहून पाठवलेली कविता. वामन निंबाळकरांसारखे मिलिंदचे विद्यार्थी या अंकांतून पुढे आले. पण अस्मितादर्श केवळ कवितांचा अंक नव्हता. दलित साहित्य म्हणजे काय, त्याची समीक्षा कोणत्या कसोटीवर करायची, यावर तिथे वर्षानुवर्षे वाद झडले. दलित साहित्याची परिभाषा मोठ्या प्रमाणावर या पानांवर घडली आणि विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत ती नंतर पोचली. क्रम नेहमीच्या उलटा होता.

पानतावण्यांनी संशोधनासाठी विषयही घेतला तो पत्रकार आंबेडकरांचा. १९२०चा ‘मूकनायक’, १९२७चे ‘बहिष्कृत भारत’, मग ‘जनता’, शेवटी ‘प्रबुद्ध भारत’. वर्गणी थकलेली, लेखक मिळेनात, रकानेच्या रकाने संपादकालाच भरावे लागत. हे लिहिताना पानतावणे मनात हसले असतील. बदलल्या होत्या फक्त तारखा.

शहराच्या दुसऱ्या बाजूला ‘मराठवाडा’ हे दैनिक होते. त्याच्या १९६९च्या दिवाळी अंकाने दलित साहित्यावर चर्चा छापली. पण २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला, तेव्हा त्याच दैनिकाचे संपादक अनंत भालेराव नामांतराच्या विरोधात उभे राहिले. निजामाशी लढलेला, वाङ्मयाची जाण असलेला हा संपादक होता. त्यांच्या बाजूने प्रादेशिक अस्मितेची मांडणी होती हे खरे, पण ठरावानंतर गावोगाव दलितांची घरे जळाली, तेव्हा ती मांडणी अपुरी ठरली. चर्चेला जागा देणे सोपे असते, नावाला जागा देणे अवघड गेले.

तोवर बाहेरच्या अभ्यासकांचेही इकडे लक्ष होते. एलिनॉर झेलियट यांनी १९६९ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आंबेडकर आणि महार चळवळीवर प्रबंध सादर केला. मराठी शिकून त्यांनी दलित कविता इंग्रजी वाचकांपर्यंत नेल्या. ज्या प्रवाहाने काळ्या लेखकांची पुस्तके नागसेनवनात आणली, त्यानेच नागसेनवनातल्या कविता अमेरिकेत पोचवल्या.

अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाच्या नावाला आंबेडकरांचे नाव जोडून नामविस्तार झाला. पानतावणे अंक काढत राहिले, जवळजवळ पन्नास वर्षे. २०१८च्या जानेवारीत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. २७ मार्चला ते गेले.

औरंगाबादचे आता छत्रपती संभाजीनगर झाले आहे. दरवर्षी १४ जानेवारीला विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी गर्दी लोटते, आणि रस्त्याच्या कडेला पुस्तकांचे स्टॉल लागतात.